पिणाऱ्यांना एक जागा द्या, नदीकाठ मोकळा करा

प्रति,
मा. आयुक्त, सांगली मिरज कुपवाड शहर महानगरपालिका
मा. पोलीस अधीक्षक, सांगली
मा. अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, सांगली

सप्रेम नमस्कार.

सांगलीत दारू विकत घ्यायला जागा आहे; ती घेऊन बसायला नाही. परमिट रूम, म्हणजे बसून प्यायचे परवान्याचे बार, आहेत, ते ठाऊक आहे. पण वाईन शॉपमधून क्वार्टर घेऊन बाहेर पडलेला माणूस ती घेऊन जातो कुठं, हा प्रश्न आज तुमच्या तिघांपैकी कुणाच्याच टेबलावर नाही. उत्पादन शुल्क विभागाचं काम काऊंटरवर संपतं. पोलिसांचं काम हाणामारी झाली की सुरू होतं. महापालिकेपर्यंत तो विषय दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा होऊन पोचतो. मधले तीन-चार तास कुणाचेच नाहीत, आणि ते तास जातात नदीकाठी, शाळेच्या मैदानाच्या कडेला, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, नाहीतर चायनीजच्या गाडीमागच्या अंधारात.

आम्ही पहाटे कृष्णेच्या घाटांवर फिरायला आणि पोहायला येणारे सांगलीकर. आमच्यात पिणारे आहेत, आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेलेही आहेत. आमचा संबंध असा की आम्ही अनवाणी पाण्यात उतरतो, आणि घाट आम्हालाच साफ करावा लागतो. त्यातून जे कळलं ते लिहितो आहोत. मागणी काहींना विचित्र वाटेल: शहरात उघड्यावर बसून प्यायला एक अधिकृत, आखलेली जागा करा. एकच. आणि ती झाल्यावर बाकी सगळीकडे कायदा खरोखर लावा.

आधी तक्रारी.

पहिली तक्रार काचेची. बाटली फुटली की बाजूचे तुकडे दिसतात, ते उचलता येतात. घात करतं ते बूड. ते जाड असल्यानं शाबूत राहतं, वाळूत किंवा गाळात उताणं बसतं आणि त्याची दातेरी कड वर राहते. पाण्याखाली दोन बोटं गाळ चढला की ते वरून दिसत नाही, पाय पडल्यावरच कळतं. म्हशीच्या खुरांच्या बेचक्यात असा तुकडा गेला तर जनावर आठवडाभर लंगडतं. खराट्यानं ही काच निघत नाही, उलट आणखी खाली दाबली जाते. सफाई कर्मचाऱ्यांना खराटा आणि घमेलं देऊन घाटावर पाठवणं म्हणजे त्यांच्या हातापायांशी खेळ आहे. त्यासाठी सहा मिलिमीटर छिद्राची चाळण लागते, वरचा चार-पाच इंचांचा थर चाळावा लागतो, आणि तोही ऊन वर आल्यावर, कारण ओली वाळू चाळणीतून पडत नाही. हातमोजे चामड्याचे हवेत, रबरी एका टोकात फाटतात. काच भरायला गोणपाट, प्लास्टिकची पिशवी नव्हे. पूर आला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी उतरतं तेव्हा काठावरची काच गाळाखाली गाडून जातं किंवा खालच्या गावांच्या नदीकाठच्या शेतांत नेऊन टाकतं.

यात एक बारीक गोष्ट आहे. घाटावर अख्खी बिअरची बाटली सहसा दिवस काढत नाही, कारण भंगारवाला ती घेतो, ती धुऊन पुन्हा भरली जाते. पडून राहते ती क्वार्टर आणि तिच्या निम्म्या मापाची निप, कारण तिला मोल नाही. म्हणजे बाटलीला किंमत असली तर ती उचलली जाते, हे इथंच सिद्ध झालेलं आहे. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २०२२ पासून सरकारी दारू दुकानं प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली परत केली की ते परत देतात. ९० टक्क्यांहून जास्त बाटल्या परत आल्या. आपल्याकडे हे का नको?

काचेबरोबर बाकीचा पसारा येतोच: पाण्याचे पाऊच, शेवचिवड्याची पाकिटं, अंड्याची टरफलं, आणि प्लास्टिकचे ग्लास. हे ग्लास महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत. वाईन शॉपच्या शेजारच्या टपरीवर ते क्वार्टरबरोबर जोडीनं मिळतात. यावर जास्त लिहीत नाही. एका दुपारच्या तपासणीत संपणारं काम आहे.

दुसरी तक्रार लघवीची. ती पत्रात लिहायला संकोच वाटतो, पण घाटावर बायका पूजेला येतात त्यांना तो वास रोज सोसावा लागतो. माणूस ६५० मिलिलिटरच्या दोन बिअर पितो तेव्हा १३०० मिलिलिटर पाणी तर जातंच, शिवाय शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक अल्कोहोलमुळं दबतं. त्यामुळं तीन तासांत तो तीनदा उठतो. शंभर माणसं बसली तर तीनशे वेळा, दर वेळी दोन मिनिटं धरली तर सहाशे मिनिटं. तीन तासांची मिनिटं १८०. म्हणजे सलग वापरात तीनहून जास्त मुताऱ्या, आणि उठायच्या वेळची गर्दी धरली तर पाच. घाटाजवळचं सार्वजनिक शौचालय संध्याकाळी कुलूपबंद झालं की हे सगळं भिंतीवर आणि नदीत.

तिसरी तक्रार परतीच्या गाडीची, आणि आमच्या मते सगळ्यात गंभीर तीच. विदेशी वर्गातल्या, म्हणजे इथंच बनणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या, दारूत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये म्हणजे साधारण ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम. ६५ किलो वजनाच्या पुरुषानं तासाभरात क्वार्टर संपवली तर त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे १२० ते १३५ मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चढतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. लिंबूपाणी, आंघोळ, काळा चहा यानं त्यात एका मिलिग्रॅमचा फरक पडत नाही. नऊ वाजता संपवलेली क्वार्टर पहाटे तीन-चारपर्यंत माणसाला गाडी चालवण्याच्या लायकीचा ठेवत नाही. आणि तो निघतो साडेदहाला, मिरज रोडनं, मागं एक जण बसवून.

आता हे सगळं का होतं, ते बघू. परमिट रूम सोडून माणूस अंधारात का बसतो? सवय, हौस, नदीचं वारं ही कारणं आहेतच, पण खरं कारण खिशाचं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये विदेशी वर्गातल्या दारूवरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट करण्याचा निर्णय झाला. १८० मिलिलिटरची किमान किंमत देशीला ८० रुपये, नव्यानं आणलेल्या, राज्यातच धान्यापासून बनणाऱ्या महाराष्ट्र मेड वर्गाला १४८ आणि विदेशी वर्गाला २०५. परमिट रूममध्ये हीच बाटली छापील किमतीच्या वर, त्यावर व्हॅट, त्यावर जेवण. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल तिथं बसू शकत नाही. तो वाईन शॉपमधून किंवा देशीच्या दुकानातून घेतो, दहा रुपयांचं भडंग घेतो आणि जागा शोधतो. किंमत वाढली म्हणून त्यानं पिणं सोडलं असतं तर आम्हाला आनंदच होता. त्यानं जागा बदलली. तिजोरीत पैसा सरकारच्या गेला, काच आमच्या वाट्याला आली.

मग कायदा? कायदा भरपूर आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये कलम ६८ खाली विनापरवाना बसायची सोय करणारा धाबेवाला, गाडीवाला येतो. कलम ८४ खाली तिथं पिताना सापडलेला. कलम ८५ खाली पिऊन धिंगाणा करणारा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे: सार्वजनिक ठिकाणी पिऊन त्रास दिला तर २४ तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवा. त्यावर परवान्याचा नियम: बिअर आणि वाईनला वय २१, बाकी दारूला २५, आणि पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना, एका दिवसाचा विदेशीला ५ रुपयांत, देशीला २ रुपयांत, कायमचा १००० रुपयांत. किती जणांच्या खिशात तो असतो हे तुम्ही आम्हाला सांगायला नको.

धाड पडते तेव्हा बैठक शंभर पावलं सरकते. एका घाटावर दिवे लावले की पुढच्या घाटावर अंधार शोधला जातो. पोलिसांना दोष देत नाही. दोन माणसांच्या गस्तीनं नदीचा काठ राखता येत नाही. जिथून हुसकायचं तिथून कुठं पाठवायचं याचं उत्तर नसेल तर हुसकणं ही फक्त कसरत राहते.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, महाराष्ट्रभर रान पेटलं आणि अंमल झाला नाही. पलूसला वाईन पार्क असलेल्या आपल्या जिल्ह्यात तर द्राक्षवाले एका बाजूला आणि कीर्तनकार दुसऱ्या बाजूला. विकायची कुठं यावर सगळे तावातावानं बोलले. प्यायची कुठं यावर फारसं कुणी तोंड उघडलं नाही.

बाहेर याचा विचार झालेला आहे. अमेरिकेत ओहायो राज्यानं २०१५ साली आणि नॉर्थ कॅरोलायनानं २०२१ साली कायदा करून शहरांच्या मध्यवस्तीत आखलेल्या हद्दीत पेला हातात घेऊन फिरायची मुभा दिली. त्यातले नियम बघण्यासारखे आहेत: काच बंद, पेला खुणेचा, नॉर्थ कॅरोलायनात तो १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७३ मिलिलिटरपेक्षा, मोठा नाही, पेय हद्दीतल्या परवानाधारकाकडूनच घेतलेलं, हद्दीच्या रेषेबाहेर पेला नेला की गुन्हा. हे जसंच्या तसं उचलून सांगलीत ठेवा असं आम्ही म्हणत नाही. रस्त्यात पेला घेऊन फिरणं इथं नकोच. आणि आतल्याच बारमधून घ्या असा नियम केला तर किमतीचा प्रश्न जिथल्या तिथं राहील, जागा रिकामी आणि घाट भरलेला. काच बंद आणि हद्दीची रेषा या दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत.

आमच्या डोक्यातली जागा अशी. शंभर बसणाऱ्यांसाठी तीन गुंठे पुरतात: माणशी दोन चौरस मीटर, उरलेल्यात काऊंटर, मुताऱ्या, एक आम्लेट-भडंगची गाडी. पूररेषेच्या वर, नदीपासून लांब. शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना आणि राहती वस्ती यांच्यापासून अंतर राखून. आत यायला आणि बाहेर जायला एकच फाटक. कुंपण छातीएवढं, म्हणजे बाहेरून सगळं दिसेल. पत्र्याची आडोशाची भिंत नको, आडोसा झाला की आत काय चालतं ते फक्त आतल्यांना कळतं. दिवे डोळ्यांवर न येणारे पण चेहरा ओळखू येईल इतके. स्पीकर नाही. संध्याकाळी सहा ते दहा, दहाला फाटक बंद, शेवटचा पेला साडेनऊला.

फाटकावर वय बघायचं आणि दोन रंगांच्या पट्ट्या मनगटाला बांधायच्या, २१ वाल्यांना एक, २५ वाल्यांना दुसरी. एक दिवसाचा परवाना तिथंच द्यायचा. बाटली सीलबंद आणायची, काऊंटरवर फोडून स्टीलच्या पेल्यात ओतून घ्यायची, रिकामी तिथंच जमा. काच बाकड्यापर्यंत जाताच कामा नये. सगळ्या योजनेचा खिळा इथं आहे आणि ढिलाई पहिली इथंच होणार. पेल्याची अनामत ५० रुपये, म्हणजे पेले घरी जाणार नाहीत. माणशी एक क्वार्टर किंवा दोन बिअर, जास्त आणली तर काऊंटरवर घेऊन ठेवायची नाही, परतच पाठवायचं. बसायचे २० रुपये. शंभर जागा संध्याकाळी दोनदा भरल्या तर चार हजार, महिन्याच्या २६ दिवसांत एक लाख चार हजार; निम्म्याच भरल्या तरी ५२ हजार. त्यात दोन सफाईवाले, फाटकावरचा एक माणूस, पाणी आणि वीज यांचा बराचसा खर्च निघतो. मुताऱ्या पुरुषांना पाच, बायकांना दोन बंद खोल्या, आणि पाचशे लिटरची टाकी.

गाडीचं काय? बहुतेक जण म्हणतील पार्किंगच देऊ नका. आम्हाला उलट वाटतं. पिलेला माणूस गाडी सोडून रिक्षानं जात नाही, कारण सकाळी ती जागेवर असेल याची त्याला खात्री नसते. म्हणून शेजारी रात्रभर पहाऱ्यातली पार्किंग हवी, चावी फाटकावर जमा, ती त्या रात्री मिळेल तर न पिलेल्या माणसाच्या हातात, नाहीतर सकाळी सातनंतर. बाहेर रिक्षा थांबा, दरपत्रक ठळक लावलेलं. आणि दहा ते अकरा फाटकापासून दोनशे मीटरवर श्वासातली दारू तपासायचं यंत्र घेऊन वाहतूक पोलीस. कलम १८५ चा दहा हजारांचा दंड महिन्यात पाच जणांना झाला की बाकीच्यांना चावी जमा करायची आठवण राहते.

हे महापालिकेच्या ठरावानं होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. दारू हा राज्याचा विषय आहे आणि परमिट रूमचा परवानासुद्धा मंजूर नकाशाला बांधलेला असतो, नकाशाबाहेर एक टेबल मांडलं तरी शर्तभंग. म्हणजे महापालिकेनं जागा आणि नकाशा द्यायचा, उत्पादन शुल्क विभागानं प्रस्ताव करून मुंबईला पाठवायचा. शासनाचा होकार येईपर्यंत वर्ष जाईल. शौचालयाची वेळ, घाटाची सफाई यांना मात्र मुंबईच्या सहीची वाट बघायची गरज नाही.

आक्षेप येतील. व्यसनमुक्तीचं काम करणारे म्हणतील, जागा दिली की प्रतिष्ठा दिली. शेजारच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' या व्यसनमुक्ती संस्थेचं काम आणि ३१ डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, दुधाचा' म्हणत चौकात दूध वाटणारे कार्यकर्ते आम्हाला परके नाहीत; त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणून विक्रीचा एकही नवा परवाना आम्ही मागत नाही. फाटकावर समुपदेशकाचा फोन नंबर आणि आठवड्यातून एक दिवस स्वतः समुपदेशक असावा. रोज येणारा माणूस तिथं डोळ्यांसमोर येतो. अंधारात बसतो तोवर तो फक्त घरच्यांना माहीत असतो, आणि त्यांचं ऐकणारं कुणी नसतं.

घरच्यांवरून बायकांचा प्रश्न. २००८ च्या शासन आदेशानं २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हाच हक्क या जागेला आधीच लावा. ज्या प्रभागात जागा करायची त्या प्रभागातल्या बायकांनी आधी मत द्यायचं. आडवी बाटली आली तर दुसरी जागा बघायची, कुरकुर करायची नाही.

आमच्या मागण्या अशा.

सांगली शहरात एक जागा वर लिहिल्याप्रमाणे निवडून तिचा नकाशा महापालिकेनं लोकांसमोर मांडावा, हरकती घ्याव्यात, महिलांचं मतदान घ्यावं आणि सहा महिन्यांच्या प्रयोगाचा प्रस्ताव शासनाला पाठवावा. प्रयोग मोजून व्हावा: घाटांवरून आठवड्याला किती किलो काच निघाली, कलम १८५ आणि ८५ खाली किती केसेस, शासकीय रुग्णालयात रात्री किती अपघाताचे रुग्ण. आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. वाईट निघाले तर जागा बंद करा, आम्ही मोर्चा काढणार नाही.

जागा सुरू झाल्यावर घाट, मैदानं आणि शाळांच्या परिसरात एकही सवलत नको. कलम ३५५ मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे. पोलिसांनी न्यायालयाला ती सुचवावी आणि ती घाटावर, चाळणी हातात देऊन करून घ्यावी.

जिल्ह्यात बाटलीमागे १० रुपयांची अनामत लावण्याचा प्रस्ताव उत्पादन शुल्क विभागानं आत्ताच पाठवावा, जागेची वाट न बघता. क्वार्टर आणि निपसकट, प्लास्टिकच्या बाटल्यांसकट.

घाटालगतची शौचालयं रात्री अकरापर्यंत उघडी आणि पाण्यासह. वाईन शॉपपासून शंभर मीटरमधल्या टपऱ्यांवर बंदीतल्या प्लास्टिक ग्लासांची तपासणी. सफाई कर्मचाऱ्यांना चाळण्या, चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचे बूट. या तिन्हींसाठी बैठक लागत नाही.

पुराचं पाणी उतरलं की घाटाची पहिली चाळणी महापालिकेनं करावी आणि निघालेली काच तोलून आकडा फलकावर लिहावा. त्या दिवशी आम्ही चाळण्या आणि गोणपाटं घेऊन हजर असू. तिन्ही कार्यालयांचं उत्तर लेखी आणि एकत्र मिळावं. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलेली तीन वेगवेगळी पत्रं नकोत.

आपले,
कृष्णाकाठी पोहणारे आणि फिरणारे काही सांगलीकर